वडगावची मुखत्यारी

जानेवारी १७७९ च्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईकर इंग्रजांची फौज मावळात वडगावला कोंडली गेली होती. पुणे जेमतेम दोन मजलांवर असताना तळेगावातून तिने माघार घेतली होती. जड तोफा तळ्यात ढकलून आणि सामानसुमान जाळून रातोरात पाय काढता घेतला होता. तरी मराठी घोडदळाने तिला गाठलेच. मग फौजेबरोबर आलेल्या समितीचा सचिव विल्यम फार्मर बोलणी करायला मराठ्यांच्या छावणीत गेला. मराठ्यांनी पहिल्यांदा, इंग्रजांच्या आश्रयाने पेशवेपदावर दावा सांगणाऱ्या रघुनाथरावाला मागितले आणि मागोमाग साष्टीसह अलीकडे बळकावलेला सगळा मुलूख. समितीने कळवले की, कलकत्त्याच्या गव्हर्नर-जनरलच्या मंजुरीवाचून असा तह करण्याचा अधिकार आम्हाला नाही.

मराठा सरदार महादजी शिंद्यांनी त्यावर काय उत्तर दिले याचा आशय ग्रँट डफने नोंदवून ठेवला आहे. कर्नल अप्टनने पुरंदरावर केलेला तह मोडताना जो अधिकार तुमच्यापाशी होता, तो आधी दाखवा, असे त्यांचे म्हणणे होते. तह मोडण्यापुरता अधिकार होता आणि तह करण्यापुरता तो नाही, हे त्यांना पटण्यासारखे नव्हते. यानंतर समितीने होम्स नावाच्या अधिकाऱ्याला पूर्ण अखत्यार देऊन पाठवले आणि तह झाला. आपल्याकडे अधिकार नाही असे ज्या समितीने नुकतेच सांगितले होते, तिनेच पुढच्या माणसाला पूर्ण अधिकार देऊ केला.

कंपनीच्या संचालक मंडळाने दिलेला अधिकार, तो घेणाऱ्याला आणखी पुढे सोपवता येतो का, हा प्रश्न आज कंपनी सचिवांच्या आणि वकिलांच्या टेबलावर असतो. अडीचशे वर्षांपूर्वी तो पुण्याच्या वाटेवर हजारो सैनिकांच्या जिवाशी बांधलेला होता. त्या प्रसंगाचे कागद दोन्ही बाजूंचे उरले आहेत. मुंबई कौन्सिलाचे ठराव आणि पत्रव्यवहार जॉर्ज फॉरेस्टने १८८५ मध्ये मुंबई सचिवालयाच्या दप्तरातून निवडून छापला. साताऱ्याला रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफने त्याआधीच, १८२६ च्या आपल्या इतिहासात, त्याच दप्तराचा उपयोग केला होता. तहांचे मसुदे एचिसनच्या संग्रहात आहेत, आणि मराठी बाजूची खबरपत्रे वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून बाहेर काढली. हे कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले की वडगावची कथा लढाईइतकीच मुखत्यारीचीही आहे, हे ध्यानात येते.

साखळीची वरची टोके

ईस्ट इंडिया कंपनी ही आधी एक कंपनी होती. भागधारकांची सभा, तिने निवडलेले चोवीस संचालक, संचालकांची लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवरची कचेरी आणि तिथून निघणारे हुकूम, हा तिचा सांगाडा होता. राजाच्या सनदेने कंपनीला अधिकार मिळाले, कंपनीचे अधिकार संचालक मंडळ चालवी आणि मंडळ ते मुंबई, मद्रास व कलकत्ता येथील प्रेसिडेंट आणि कौन्सिलांकडे सोपवी. मुंबई बेट राजाकडून कंपनीकडे आले ते १६६८ साली, वर्षाला दहा पौंड खंडावर. तेव्हापासून मुंबईच्या कौन्सिलाने केलेला प्रत्येक व्यवहार लंडनच्या मंडळाचा हस्तक म्हणून केलेला होता.

इथे एक व्यावहारिक अडचण होती. लंडनला पत्र जायला सहा-आठ महिने लागत आणि उत्तर यायला तितकेच. एवढ्या अंतरावरून बारीकसारीक हुकूम देणे अशक्य होते. म्हणून मंडळ धोरण सांगे आणि बाकी कौन्सिलावर सोडी. साष्टी आणि वसई मिळवावी, ही संचालकांची जुनी इच्छा होती आणि ती पत्रांतून वारंवार लिहिली गेली होती. मुंबई बंदराच्या रक्षणासाठी ही ठाणी हातात हवीत, हा त्यामागचा विचार. मुंबईचे लोक त्या पत्रांकडे कायमची परवानगी म्हणूनच पाहत.

१७७३ च्या रेग्युलेटिंग अॅक्टने या सरळ साखळीत एक नवी कडी घातली. कलकत्त्याच्या गव्हर्नर-जनरल आणि कौन्सिलाला मुंबई आणि मद्रासवर देखरेखीचा अधिकार मिळाला. त्यांच्या पूर्वसंमतीवाचून कोणत्याही प्रेसिडेंट आणि कौन्सिलाने हिंदी राजांशी युद्ध पुकारू नये, तहाची बोलणी करू नयेत आणि तहही करू नये, असे कलम पार्लमेंटने घातले. त्याला अपवाद दोनच ठेवले. एक, संकट इतके जवळ आले असेल की वाट पाहणे धोक्याचे ठरेल. दुसरा, लंडनच्या संचालकांचा खास हुकूम असेल तर. हे मोडणाऱ्या प्रेसिडेंटला आणि कौन्सिलाला निलंबित करण्याचा अधिकारही कलकत्त्याला दिला होता.

कायदा लिहिणाऱ्यांनी हेतू चांगला ठेवला होता, पण दुसऱ्या अपवादाने सगळी गुंतागुंत केली. मुंबईला दोन मालक झाले. एक कलकत्त्याला बसलेला, कायद्याने वरचढ. दुसरा लंडनला, जुना आणि पगार देणारा. कोणत्या बाबतीत कोणाची मुखत्यारी चालते, हे ठरवण्याचे काम प्रत्यक्षात मुंबईच्या हाती राहिले, आणि मुंबईने ते आपल्या सोयीने केले.

सुरत आणि पुरंदर

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात पेशवे नारायणरावांचा खून झाला. रघुनाथराव पेशवा झाला, पण पुण्याच्या कारभाऱ्यांच्या ‘बारभाई’ मंडळाने त्याच्याविरुद्ध कारभार उभा केला. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदरावर प्रसूत झाल्या आणि चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांना पेशवाईची वस्त्रे मिळाली. रघुनाथरावाच्या हाती पद उरले नाही, दावा मात्र राहिला.

मुंबईने १७७४ च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला घेतला. पोर्तुगीज साष्टी परत मिळवायला गोव्याहून हालचाल करत आहेत, हे कारण पुढे केले गेले. संकट जवळ असल्याच्या अपवादात हे बसवता येत होते. पण मार्च १७७५ च्या पहिल्या आठवड्यात सुरतेला रघुनाथरावाशी जो तह झाला, तो त्या अपवादात बसणारा नव्हता. मुंबईने फौज द्यायची, रघुनाथरावाने तिचा महिन्याचा खर्च द्यायचा, सहा लाखांचे जवाहीर तारण ठेवायचे आणि साष्टी-वसई कायमची तोडून द्यायची, असा तो करार होता. नव्या कायद्याची बातमी तोवर मुंबईला पोहोचली होती. कलकत्त्याची पूर्वसंमती घेतली नाही. तह झाल्यावर कळवले.

हा तह बारकाईने पाहण्यासारखा आहे, कारण त्यात दोन्ही सह्या करणाऱ्यांच्या अधिकाराबद्दल शंका होती. रघुनाथराव पेशव्यांच्या नावाने मुलूख तोडून देत होता, आणि पुण्याच्या दृष्टीने तो पेशवा नव्हता. मुंबईचे कौन्सिल कंपनीच्या नावाने युद्ध आणि तह करत होते, आणि कायद्याच्या दृष्टीने तो अधिकार त्याच्याकडे उरला नव्हता. या कागदावर अडासच्या मैदानात १८ मे १७७५ रोजी माणसे मेली.

कलकत्त्याने मे महिन्याच्या अखेरीस मुंबईला पत्र लिहून युद्ध थांबवायला सांगितले. युद्ध अविचाराचे आहे, धोक्याचे आहे, अनधिकृत आहे आणि अन्यायाचे आहे, असे चार ठपके त्यात होते. मुंबईने आपली बाजू मांडायला विल्यम टेलरला कलकत्त्याला पाठवले. संचालकांना साष्टी-वसई हवी आहे, ही संधी पुन्हा येणार नाही, आणि मराठ्यांशी काय बोलायचे ते मुंबईला जास्त कळते, असा त्याच्या मांडणीचा रोख होता. कलकत्त्याने ते मानले नाही. कर्नल जॉन अप्टनला स्वतःचा वकील म्हणून थेट पुण्याकडे पाठवले, आणि १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, बारा लाख रुपये खर्चापोटी कबूल झाले, सुरतचा तह रद्द ठरला आणि रघुनाथरावाने फौज मोडून महिना पंचवीस हजारांच्या नेमणुकीवर कोपरगावी राहायचे ठरले.

इथवर कायद्याचा अर्थ स्पष्ट होता. अधिकाराबाहेर केलेला करार वरच्या सत्तेने मोडून काढला. पण त्याच वर्षाच्या पावसाळ्यात लंडनहून संचालकांचा खलिता मुंबईत उतरला, आणि त्यात सुरतच्या तहाची तरफदारी होती. मिळालेला मुलूख हातचा सोडू नये, असेही सांगितले होते. संचालकांनी हे लिहिले तेव्हा पुरंदरच्या तहाची त्यांना गंधवार्ता नव्हती. तरीही मुंबईला हवे ते मिळाले. रघुनाथरावाला मुंबईने आश्रय दिला, पुरंदरच्या अटी पाळण्यात चालढकल केली, आणि आपण मूळ मालकाच्या मर्जीने वागतो आहोत असा पवित्रा घेतला.

खालच्याने अधिकार ओलांडला तर वरच्याने तो ताबडतोब नाकारावा किंवा ताबडतोब मान्य करावा, असा कोणत्याही मुखत्यारीचा नियम असायला हवा. इथे दोन वरच्यांनी दोन उलट उत्तरे दिली. पुणे दरबाराला यातून एकच धडा मिळाला. इंग्रजांचा शब्द कोणत्या इंग्रजाने दिला आहे, हे आधी विचारायचे.

समिती

१७७८ मध्ये वारे फिरले. पुण्याच्या कारभाऱ्यांतल्या एका गटाने रघुनाथरावाला आणायची भाषा केली, आणि सँ-ल्युबँ नावाचा फ्रेंच माणूस पुण्यात येऊन बसल्याने इंग्रजांची झोप उडाली. कलकत्त्याने आता मुंबईच्या बेताला संमती दिली आणि बंगालहून एक फौज जमिनीच्या वाटेने पश्चिमेकडे धाडली. तिचा सेनापती लेस्ली वारल्यावर तिचे नेतृत्व गोडार्डकडे आले. म्हणजे मोहिमेला वरची मंजुरी होती. मोहीम चालवण्याचा अधिकार मात्र मुंबईने पुन्हा एकदा खाली सरकवला.

नोव्हेंबरात जी फौज निघाली, तिच्याबरोबर तिघांची समिती होती. जॉन कार्नाक हा मुंबई कौन्सिलाचा सभासद होता. १७६१ साली बंगालमध्ये शहा आलमचा पराभव करणारा तो जुना सेनानी. कर्नल चार्ल्स एजर्टन फौजेचा सेनापती होता. टॉमस मॉस्टिन पुण्याला कंपनीचा वकील म्हणून राहिलेला, मराठी दरबार ओळखणारा एकमेव माणूस. कौन्सिलाने आपल्या अधिकाराचा एक भाग या तिघांना मिळून दिला होता. युद्ध कसे चालवायचे, रघुनाथरावाचे काय करायचे, वाटेत कोणाशी बोलायचे, हे समितीने ठरवावे.

सामुदायिक अधिकार हा दिसायला सुरक्षित असतो. तिघे मिळून ठरवतील, एकाच्या चुकीला दुसरा आवर घालील, अशी कल्पना. पण तिघांपैकी एक गेला की ती रचना बदलते. मॉस्टिन आजारी पडून मुंबईला परतला आणि १ जानेवारी १७७९ रोजी वारला. मराठी राजकारण ज्याला कळत होते तोच नाहीसा झाला. एजर्टनची प्रकृती ढासळली आणि सेनापतिपद कॉकबर्नकडे आले. ४ जानेवारीला कार्ल्याजवळ कॅप्टन जेम्स स्ट्यूअर्ट पडला. मराठ्यांनी त्याच्या शौर्याला दाद देऊन ‘इष्टुर फाकडा’ म्हणून त्याची आठवण ठेवली. फौज तळेगावला पोहोचली तेव्हा गाव जाळलेले होते, दाणावैरण नव्हती आणि रघुनाथरावाच्या बाजूने येतील म्हणून सांगितलेले सरदार आले नव्हते. ११ जानेवारीच्या रात्री माघार सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशी फौज वडगावला येऊन अडकली. कौन्सिलाने समितीला अधिकार दिला तेव्हा तो पुण्यात जाऊन जिंकलेल्यांचा तह करण्यासाठी होता. हरल्यावर काय करायचे याबद्दल त्या अधिकारात काही नव्हते.

वडगावचा कागद

करार झाला त्याची तारीख साधारणपणे १६ जानेवारी १७७९ अशी देतात. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या निधनानंतर मुंबईने घेतलेला सगळा मुलूख परत करायचा, त्यात साष्टी आली. बंगालहून येणाऱ्या फौजेला परत पाठवायचे. रघुनाथराव तोवर स्वतःहून महादजींच्या स्वाधीन झाला होता. महादजींशी वेगळा एक लहान करारही झाला. त्यात भडोचमधला इंग्रजांचा हिस्सा त्यांना देऊ केला होता आणि त्यांच्या माणसांना एकेचाळीस हजार रुपये बक्षिसी कबूल केली होती. जामीन म्हणून फार्मर आणि लेफ्टनंट चार्ल्स स्ट्यूअर्ट ओलीस राहिले.

साखळी इथे पूर्ण दिसते. संचालकांचा अधिकार मुंबई कौन्सिलाकडे आला. कौन्सिलाने तो समितीला दिला. समितीने तो होम्सच्या हातात ठेवला. यापैकी पहिली सोपवणूक मान्य रीतीची होती. दुसरी मर्यादित होती, कारण कलकत्त्याच्या पूर्वसंमतीचे कलम समितीलाही लागू होते; कौन्सिलाला जे करता येत नव्हते ते कौन्सिलाच्या समितीला कुठून करता येणार? तिसरीला पायाच नव्हता. जो अधिकार नाही असे समितीने आदल्या दिवसांत स्वतः सांगितले होते, तोच तिने दुसऱ्याला दिला होता.

मग पूर्ण अखत्यार दिला तरी का, असा प्रश्न उरतो. यामागे घाबरलेल्या माणसांचा विचार सहज दिसतो. फौज जिवंत परत न्यायची होती आणि मराठे रिकामा शब्द ऐकायला तयार नव्हते. पण समितीची पुढची कृती पाहिली की भीतीपलीकडचेही काही दिसते. कराराप्रमाणे गोडार्डला थांबण्याचा हुकूम लिहिला गेला. घाट उतरून फौज सुखरूप कोकणात आल्याबरोबर समितीने तो हुकूम मागे घेतला. म्हणजे वडगावचा कागद आपल्याला बांधत नाही, असे समितीने घाटाखाली येताच ठरवून टाकले होते.

गोडार्डने तर दोन्ही हुकमांची फारशी दखल घेतली नाही. तो कलकत्त्याचा सेनापती होता, मुंबईच्या समितीचा नव्हता. बऱ्हाणपुरावरून तो वेगाने निघाला आणि फेब्रुवारीच्या अखेरीस सुरतेला पोहोचला. मुखत्यारीची साखळी त्याला समितीपेक्षा जास्त कळली होती, असे म्हणावे लागते.

नाकारणे

मुंबईचा गव्हर्नर विल्यम हॉर्नबीने करार नाकारला. त्याचे मुख्य कारण सरळ होते. समितीला तह करण्याचा अधिकारच नव्हता, म्हणून तह नाही. कलकत्त्याचा गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याने तो वाचला तेव्हा त्याला लाजेने मान खाली घालावीशी वाटली, असे त्याच्या पत्रांतून दिसते. त्यानेही करार नाकारला. लंडनच्या संचालकांनी कार्नाक, एजर्टन आणि कॉकबर्न या तिघांना नोकरीतून काढले.

कायदेशीर बाजूने हॉर्नबीचे म्हणणे बरोबर होते. १७७३ चा कायदा स्पष्ट होता, आणि समितीचा अधिकार कौन्सिलाच्या अधिकारापेक्षा मोठा असू शकत नव्हता. तरीही त्याचे कागद वाचताना दोन गोष्टी खटकतात.

पहिली गोष्ट म्हणजे हीच हरकत १७७५ मध्ये त्याच्याच कौन्सिलावर घेतली गेली होती. सुरतचा तह करताना अधिकाराची मर्यादा मुंबईला आठवली नव्हती. साष्टी मिळणार असताना मुखत्यारी अमर्याद होती आणि साष्टी द्यायची वेळ आली तेव्हा ती एकदम मोजून मापून निघाली. महादजींच्या प्रश्नाची धार यातच आहे. तह मोडताना जो अधिकार वापरला, तो तह करताना नाकारला जातो आहे, हे त्यांनी छावणीत उभ्या उभ्या पकडले होते.

दुसरी गोष्ट भडोचची. हॉर्नबीने मुख्य करार नाकारला, पण महादजींना दिलेले वचन पाळावे, असे त्याचे मत पडले. कारण उघड होते. महादजींनी वडगावला फौज कापून काढली नाही, आणि पुण्याच्या कारभाऱ्यांपासून त्यांना वेगळे काढता आले तर इंग्रजांचा फायदा होता. म्हणजे एकाच बिनअधिकारी समितीने, एकाच ठिकाणी, एकाच संकटात केलेल्या व्यवहारातले जे अडचणीचे होते ते रद्द आणि जे उपयोगाचे होते ते मान्य.

सुमारे शंभर वर्षांनी भारतात लागू झालेल्या १८७२ च्या करार कायद्यात, कलम १९९ मध्ये, याला थेट उत्तर आहे. आपल्या वतीने बिनअधिकाराने केलेल्या कृत्याचा एक भाग मान्य केला, तर ज्या व्यवहाराचा तो भाग आहे तो सगळा व्यवहार मान्य केला असे धरले जाते. तोडून घ्यायची मुभा नाही. महादजींशी झालेला करार वेगळा कागद होता, असा बचाव हॉर्नबीला करता आला असता, आणि तो अगदीच पोकळ नसता. पण दोन्ही कागद एकाच तहाचे दोन पाय होते, हे त्या काळच्या कोणालाही नाकारता आले नसते.

मराठ्यांना फसवले गेले का? सरळ होकार देणे मला पटत नाही. कलकत्ता वरचढ आहे हे पुण्याला पुरंदरापासून ठाऊक होते. समितीने अधिकार नसल्याचे आधी सांगितले होते. म्हणूनच तर ओलीस मागितले गेले: कागदावर विश्वास नसताना माणसे ठेवून घेतात. पण पूर्ण अखत्यार देऊन माणूस पाठवणे आणि अधिकार नाही हे मनात धरून पाठवणे, यात जे अंतर आहे ते समितीने जाणून ओलांडले. फसवणूक झाली असेल तर ती तिथे. फार्मर आणि स्ट्यूअर्ट वर्षभराहून अधिक काळ महादजींकडे राहिले. मार्च १७८० मध्ये महादजींनी त्यांना सोडून दिले. इंग्रजांनी करार मोडल्यावरही ओलिसांना इजा झाली नाही.

सालबाईची प्रस्तावना

युद्ध आणखी तीन वर्षे चालले. १७ मे १७८२ रोजी ग्वाल्हेरजवळ सालबाईला महादजींच्या छावणीत तह झाला. त्याची सतरा कलमे इतिहासाच्या पुस्तकांत असतात, पण त्याची प्रस्तावना मात्र क्वचितच कोणी वाचते. ती वाचायला हवी.

कंपनीच्या वतीने डेव्हिड अँडरसनने तह ठरवला, असे लिहून प्रस्तावना तिथे थांबत नाही. गव्हर्नर-जनरल आणि कौन्सिलाने या कामासाठी त्याला सोपवलेल्या अधिकारावरून, असे ती सांगते. आणि ते कौन्सिल ग्रेट ब्रिटनच्या राजाने आणि पार्लमेंटने कंपनीचा हिंदुस्थानातला सगळा राजकीय कारभार चालवण्यासाठी नेमले आहे, असेही जोडते. दुसऱ्या बाजूला महादजी शिंदे पेशव्यांच्या, नाना फडणीसांच्या आणि सगळ्या मराठा सरदारांच्या वतीने पूर्ण अखत्यार असलेले म्हणून येतात. म्हणजे अँडरसनपासून राजापर्यंत एकेक कडी मोजून लिहिली आहे. वडगावला मात्र शेवटच्या कडीला पायाच नव्हता.

एवढ्यावरही भागवले नाही. हेस्टिंग्जने ६ जून १७८२ रोजी फोर्ट विल्यमला तह मान्य केला. पेशव्यांची मान्यता २० डिसेंबरला झाली, हैदर अलीच्या मृत्यूनंतर. नानांनी तोवर घाई केली नव्हती. कागदांची अदलाबदल २४ फेब्रुवारी १७८३ रोजी झाली. मे महिन्यात सही झाली तरी मान्यतेवाचून तह पक्का मानला गेला नाही. भडोच महादजींना मिळाले, आणि वडगावला त्यांनी दाखवलेल्या उदारपणाची आणि ओलिसांना दिलेल्या चांगल्या वागणुकीची पावती म्हणून ते दिल्याचे इंग्रजांनी सांगितले. वडगावच्या कागदातला एक भाग अशा रीतीने योग्य अधिकाराने पुन्हा दिला गेला.

त्याच काळात कलकत्त्यातही अधिकार परस्पर सोपवला जात होता. १७८१ मध्ये हेस्टिंग्ज बनारसला निघाला तेव्हा कलकत्त्यात कौन्सिलाचे दोनच सभासद होते, तो स्वतः आणि व्हीलर. निघताना कौन्सिलाचे अधिकार त्याने ठरावाने एकट्याकडे घेतले. पुढे पार्लमेंटात हेस्टिंग्जवर चाललेल्या महाभियोगात, आरोप मांडणाऱ्या एडमंड बर्कने या सोपवणुकीलाही हात घातला. पार्लमेंटने सामुदायिक म्हणून दिलेला अधिकार एका माणसाकडे सरकवता येत नाही, हा त्याचा मुद्दा होता. हेस्टिंग्ज शेवटी निर्दोष सुटला, पण प्रश्न चुकीचा नव्हता.

आजचा ठराव

आज भारतात या प्रश्नाची उत्तरे कायद्यात लिहिलेली आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १७९ मध्ये संचालक मंडळाने सभेतच वापरायचे अधिकार दिले आहेत. त्यातले कर्ज घेणे, निधी गुंतवणे, कर्ज देणे किंवा हमी देणे, एवढे अधिकार मंडळाला सभेतला ठराव करून संचालकांच्या समितीला, व्यवस्थापकीय संचालकाला, व्यवस्थापकाला किंवा कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याला अटींसह देता येतात. बाकीचे मंडळाने स्वतःच वापरायचे. करार कायद्याच्या कलम १९० ची भूमिका अशी आहे की, मुखत्याराने जे काम स्वतः करण्याचे पत्करले आहे ते त्याने दुसऱ्याकडे देऊ नये. व्यापाराच्या रूढीने किंवा कामाच्या स्वरूपामुळे उपमुखत्यार लागतच असेल तर गोष्ट वेगळी.

पण कायद्याच्या पुस्तकात न येणारी एक गोष्ट वडगावचे कागद दाखवतात. अधिकार नव्हता हे कोण आणि कधी सांगतो, याला महत्त्व आहे. खालच्याने अधिकार ओलांडून फायदा आणला तर वरचे गप्प बसतात. तोटा आणला तर कलमे काढतात. १७७५ ते १७७९ या चार वर्षांत मुंबईने हे दोन्ही केले. आजही शाखाधिकाऱ्याने मर्यादेबाहेर दिलेले कर्ज वसूल होत असते तोवर त्याच्या अधिकाराची फाईल कोणी उघडत नाही, आणि ते बुडाले की मंडळाचा ठराव शोधला जातो. म्हणून सोपवणुकीची मर्यादा करार होण्याआधी स्पष्ट असावी. समोरच्याला ती दाखवली जावी. आणि पुढे सोपवता येणार नसेल तर तसे लिहिलेले असावे. ज्याने मर्यादा स्पष्ट न लिहिता माणूस पाठवला, त्याला नंतर ती मर्यादा ढाल म्हणून वापरण्याचा नैतिक हक्क उरत नाही. कायद्याने तो करार रद्द होऊ शकेल. पण ज्याने तो माणूस पाठवला त्याची जबाबदारी कराराबरोबर रद्द होत नाही. संचालकांनी तिघांना नोकरीतून काढले, आणि ज्या कौन्सिलाने मर्यादा न सांगता त्यांना पुण्यावर धाडले होते ते मात्र जागच्या जागी राहिले. महादजींनी अखत्यार मागितला तो समितीकडे. खरे तर तो प्रश्न मुंबईच्या कौन्सिलाला विचारायला हवा होता, आणि तोही फौज घाट चढण्याआधी.